लातूरहून दुबई: बायको-लेकरू सोबत न्यावं का आधी एकट्यानं जावं?

मांजराकाठचा
नमस्कार मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा, सध्या लातुरात साइट सुपरवायझर. दुबईतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. सगळं धरून महिन्याला ७,००० दिरहॅम, त्यात बेसिक ३,०००. घर आपलं आपण बघायचं. पोरगी यंदा पहिलीला. बायको म्हणते जायचं तर सगळेच जाऊ, आई म्हणते आधी तू जाऊन बघ. तिकडं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. गरमीचं तेवढं सांगू नका, आम्ही लातूरचे आहोत.

परभणीचा पाहुणा
भाऊ, आईचं ऐका.

व्हिसाची अडचण नाही. ४,००० पगारावर कुटुंबाचा व्हिसा निघतो, म्हणून तर माणूस फसतो. अडतं ते घराच्या भाड्यापाशी. इथं भाडं महिन्याच्या महिन्याला देत नाहीत. वर्षाचं भाडं दोन नाहीतर चार चेकांत, तेही पुढच्या तारखा टाकून आधीच हातात द्यायचे. म्हणजे तुमचा पहिला पगार व्हायच्या आधीच निदान तीन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि दलाली. मग करार 'इजारी'त, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवायचा, मग वीज-पाण्याचं कनेक्शन, त्याचं फ्लॅटला डिपॉझिट २,००० दिरहॅम वेगळं. वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी असते, ती बारा हप्त्यांत त्याच बिलात येते. एजंट हे कधी सांगत नाही. फ्लॅट बघताना 'चिलर फ्री' आहे का एवढं विचाराच, नाहीतर एसीच्या गारव्याचं बिल तुमच्याच डोक्यावर.

पहिले काही महिने करामा नाहीतर अल कुसैसला बेडस्पेस घ्या, म्हणजे दुसऱ्यांसोबतच्या खोलीत एक खाट भाड्यानं. शेजारच्या शारजात स्वस्त पडतं, पण संध्याकाळी परतताना अल इत्तिहाद रोडच्या कोंडीत गाडीत बसून जे म्हातारपण येतं त्याचा हिशोब कुणी करत नाही. पोरीच्या शाळेचं पुढच्या एप्रिलला बघा, सीबीएसई शाळा तेव्हाच सुरू होतात.

बेसिक वाढवून मागा. ग्रॅच्युइटी बेसिकवरच मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची. ३,००० वर वर्षाचे २,१०० च होतात.

आणि गरमीचं सांगतोच. आपलं ऊन कोरडं, लिंबाखाली बसलं की भागतं. इथं ऑगस्टात रात्री दहाला बाहेर पडलो तरी चष्म्यावर वाफ धरते. साइटवाल्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, कायदाच आहे. तुमची कंपनी तो पाळते का, हे तिथल्या एखाद्या फोरमनला विचारून घ्या.

नांदेडची लेक
दादा, सामानात खसखस अजिबात नको. इथं ती अमली पदार्थांत धरतात, तुरुंगवास होऊ शकतो. आईनं अनारसे दिले तर तेही घरीच ठेवा. येसर, काळा मसाला कुणी कुटला, त्यात काय घातलं, विचारूनच बॅगेत टाका. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल यांना आधी परवानगी लागते. ज्वारीचं पीठ आणू नका, बर दुबईत मिळतं. भाकरी जरा तडकते, पण होते.
पोरीशी बोलायला व्हॉट्सॲप कॉलवर विसंबू नका, इथं तो लागत नाही. घरच्यांच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलचं ॲप टाकून जा.

मांजराकाठचा
ताई, आईनं खसखस निवडायला घेतलीच होती. बरं झालं सांगितलं.
अजून एक. इथला एजंट व्हिसाचे ८०,००० रुपये मागायलाय. म्हणतो सगळेच देतात.

परभणीचा पाहुणा
देऊ नका. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कंपनीनं करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असा इथला कायदा आहे. आपल्याकडंही नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी, एवढीच फी घेता येते. त्याचा लायसन्स नंबर मागा आणि ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या साइटवर टाकून बघा. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर ऑफर लेटर थेट कंपनीच्या एचआरला मेल करून खरं आहे का विचारा. त्याचं उत्तर येईपर्यंत लातूरची नोकरी सोडू नका.