नाताळच्या सुट्टीत वाचायला विणकामाची पुस्तकं: संग्रहाची सुरुवात कुठून करावी?

लोकरगुंडा, धरमपेठ

मंडळी, दोन सुयांवरचं विणकाम बऱ्यापैकी जमतं. सुलट-उलट, जाळी, साध्या वेण्या येतात. पण स्वेटरला किती टाके घालायचे हे दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं. व्हिडिओ थांबवत-थांबवत विणायचा आता कंटाळा आलाय. सुट्टीत पांघरुणात बसून निवांत वाचता येतील आणि पुढे कायम हाताशी राहतील अशी चार-पाच पुस्तकं हवी आहेत. इंग्रजी चालेल. कोणती घ्यावीत, आणि इथे नागपुरात बर्डीवर जुनं पुस्तक मिळालं तर घेण्याआधी काय तपासावं?

उलटसुलट

ताई, पंचवीस स्वेटरांचे फोटो असलेलं गुळगुळीत पुस्तक आधी घेऊ नका. त्यातले दोन नमुने आवडतात आणि बाकी पुस्तक पडून राहतं. हिशेब शिकवणारं पुस्तक आधी घ्या.

म्हणून पहिलं एलिझाबेथ झिमरमन यांचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ (१९७१). समोर बसून बोलल्यासारखं लिहिलंय, त्यामुळे सलग वाचता येतं. गोल सुईवर (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली सुई) बिनशिवणीचा स्वेटर कसा काढायचा हा त्याचा गाभा. सगळं माप छातीच्या टाक्यांवरून टक्क्यांत निघतं. समजा तुमच्या लोकरीत इंचाला साडेपाच टाके बसतात आणि तयार घेर साधारण ३६ इंच हवाय. म्हणजे २०० टाके धरा. मनगटाला त्याचे २० टक्के, म्हणजे ४०. दंडाला ३३ टक्के, म्हणजे ६६. काखेत ८ टक्के, म्हणजे १६. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८०. हे एकदा डोक्यात बसलं की कुणाला विचारायची गरज उरत नाही.

फसतं ते नमुन्याच्या तुकड्यात, म्हणजे इंचाला किती टाके बसतात हे मोजायला आधी विणतो त्यात. बारा-पंधरा टाक्यांची पट्टी विणून मोजली तर कडेचे टाके ओढले जातात आणि माप चुकतं. निदान ३० टाके घाला, तुकडा धुऊन वाळवा आणि मधले ४ इंच मोजा. साडेपाचऐवजी इंचाला सहा टाके बसत असतील तर त्याच २०० टाक्यांचा घेर ३६ ऐवजी ३३ इंच होतो आणि स्वेटर अंगात जात नाही. शिवाय गोल विणायचं असेल तर तुकडाही गोलच विणा. सपाट विणताना उलट ओळी बहुतेकांच्या हाताने सैल येतात.

दुसरं त्यांचंच ‘निटर्स अल्मनॅक’ (१९७४), दर महिन्याला एक काम. जुलैतली गोल शाल सुट्टीसाठी फार छान. ९ टाक्यांनी सुरुवात, एक फेरी विणून १८ करायचे. मग ३ फेऱ्यांनी ३६, ६ फेऱ्यांनी ७२, १२ फेऱ्यांनी १४४, २४ फेऱ्यांनी २८८ आणि ४८ फेऱ्यांनी ५७६. टाके दुप्पट करायच्या फेऱ्या सोडल्या तर मध्ये कुठेही वाढवणं नाही, त्यामुळे एकीकडे गप्पा मारत विणता येते.

तिसरा नमुन्यांचा कोश: बार्बरा वॉकर यांचा ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ (१९६८). यात नमुने ओळीओळीने शब्दांत लिहिलेत, चौकटींचे आलेख नाहीत. आवडलेला नमुना चौकटींच्या वहीत स्वतः उतरवून घ्या. उतरवतानाच तो कळतो आणि मोजणीतली चूकही तिथेच सापडते. सपाट विणताना आलेख खालून वर वाचायचा, सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच.

महालची_सुई

वरच्या यादीशी सहमत, फक्त सुयांच्या नंबरात घोळ होतो तेवढा सांभाळा. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, म्हणजे नंबर लहान तशी सुई जाड. अमेरिकन नंबर उलटे चढतात. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरची. अमेरिकन पुस्तकात ८ वाचून इतवारीतून ८ नंबर आणली तर विणकाम घट्ट आणि कडक येतं, आणि दोष लोकरीला जातो. पुस्तक हातात आलं की पेन्सिलने समासात मिलिमीटर लिहून टाका. आपली १० नंबर ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर २.७५.

लोकर बदलताना वजनापेक्षा लांबी बघा. लेबलावर मीटर नसतील तर १० मीटर मोजून सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर ठेवा. ४.२ ग्रॅम भरले तर ५० ग्रॅममध्ये साधारण १२० मीटर आहेत. पुस्तक १२०० मीटर सांगत असेल तर ५०० ग्रॅम लागणार. वर एक गुंडा जास्त घ्या आणि सगळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग बाहीवर वेगळा दिसतोच.

ही पुस्तकं थंड देशांतली आहेत हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे पहाटे पारा १० च्या खाली गेला तरी दुपारी स्वेटर काढावाच लागतो. बारीक लोकरीचे बिनबाह्यांचे नमुने आधी काढा.

लोकरगुंडा, धरमपेठ

नंबरांचं कळलं, आता मागच्या स्वेटराचा घट्टपणाही समजला. नुसतं वाचायला, सुया बाजूला ठेवून, असं काही आहे का? आणि जुन्या पुस्तकांचं राहिलंच.

कापडी_बांधणी

नुसतं वाचायला रिचर्ड रट यांचं ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’ (१९८७). लेखक इंग्लंडमधल्या लेस्टरचे बिशप होते. त्यांनी जमवलेली विणकामाची जुनी पुस्तकं साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत आणि त्यातली एकोणिसाव्या शतकातली इंटरनेटवर फुकट वाचता येतात. खिशाला काहीच भार नाही, म्हणून सुरुवात तिथून केली तरी हरकत नाही. त्याला जोडून ‘मेरी थॉमसिस निटिंग बुक’ (१९३८). टाके घालण्याच्या पद्धती त्यात रेखाचित्रांनी अतिशय स्वच्छ दाखवल्यात, आणि पुस्तक ब्रिटिश असल्याने सुयांचे नंबर आपलेच.

जुनं पुस्तक घेताना आधी मधोमध उघडून टेबलावर ठेवा. नुसत्या डिंकाची बांधणी आपल्या उन्हाळ्यात वाळून तडकते आणि पानं सुटतात. शिलाईची बांधणी टिकते. मग संक्षेपांचं, म्हणजे टाक्यांसाठी वापरलेल्या खुणाक्षरांचा अर्थ देणारं पान शोधा, बहुधा तेच फाटून गेलेलं असतं आणि त्याशिवाय नमुना वाचताच येत नाही. आकृतीवर इंच किंवा सेंटिमीटर दिलेत का, चार इंचांत किती टाके हे लिहिलंय का, तेही बघा. रद्दीत हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक स्वस्तात मिळतात. जाळीचे नमुने त्यांत भरपूर असतात, पण पुष्कळदा ‘१० नंबर, ९६ फंदे’ (फंदे म्हणजे टाके) एवढंच असतं, लोकर किती जाड ते नाही. नमुना घ्या, टाके वरच्या टक्क्यांनी स्वतः काढा.

घरी आणल्यावर कपाट कूलरच्या झोतात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये त्या ओल्या हवेने पानं फुगतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. विणताना लागणारं पान झेरॉक्स करून घ्या, खुणा त्यावरच करा. चिकट चिठ्ठ्या जुन्या कागदावर लावू नका, काढताना अक्षर घेऊन येतात.