घरच्या गॅरेजसाठी हत्यारे: काय विकत घ्यावे, काय स्वतः बनवावे?

सिंहगडरस्ता_८००

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी सांभाळलेली दोन स्ट्रोक इंजिनाची बजाज चेतक आणि २००४ सालची मारुती ८०० अशा दोन गाड्या आहेत. दोन्ही गाड्यांची नेहमीची कामे, म्हणजे ऑइल बदलणे, ब्रेक उघडून साफ करणे, क्लच प्लेट बदलणे आणि जमले तर पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांत बसणारी रबरी नळकांडी) बदलणे, ही यापुढे घरीच करावीत असे मी ठरवले आहे. पैसे वाचवणे हा त्यामागचा मुख्य हेतू नाही. या गाड्यांची रचना ज्यांना मनापासून आवडते असे कारागीर आता कमी होत चालले आहेत, आणि काम दुसऱ्याच्या घाईवर सोडण्यापेक्षा सावकाश का होईना, पण स्वतः शिकून करावे असे वाटते.

जागा म्हणजे सोसायटीतील आच्छादित पार्किंग. जमीन पेव्हर ब्लॉकची आहे आणि भिंतीलगत एक लोखंडी कपाट ठेवण्याची परवानगी समितीने दिली आहे. सुरुवातीला पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ऑनलाइन शंभर-सव्वाशे नगांच्या पेट्या आकर्षक दिसतात, परंतु त्यांतील निम्म्या वस्तू मला कधी लागतील की नाही याची शंका येते. दुसरीकडे, जुन्या मेकॅनिकांकडे स्वतः बनवलेली कितीतरी हत्यारे दिसतात आणि ती उत्तम चालतात. माझा प्रश्न असा की, आधी काय घ्यावे, पुण्यात कुठे घ्यावे, आणि कोणती हत्यारे घरी बनवली तर चालतात व कोणती अजिबात बनवू नयेत?

---

निवृत्त_फिटर_भोसरी

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. माझे सगळे आयुष्य टूलरूममध्ये गेले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मोठी पेटी घेऊ नका. त्या पेटीतील नगांची संख्या स्क्रू ड्रायव्हरच्या बिटांनी आणि ऍलन कींनी फुगवलेली असते; ज्या चार-पाच मापांवर तुमचे बहुतेक काम होणार आहे, त्यांचा दर्जा मात्र सुमारच असतो. त्याऐवजी चांगल्या कंपनीच्या फिक्स पान्यांचा आणि रिंग पान्यांचा आठ नगांचा एकेक संच घ्या. ६-७ पासून २०-२२ पर्यंत मापे त्यात येतात. तपारियाचे पाने, ज्यांचा कारखाना आपल्या नाशिकलाच आहे, पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या हातात आहेत आणि घरच्या वापराला ते जन्मभर पुरतील. त्यासोबत अर्ध्या इंची ड्राइव्हचा गोटी सेट (बोल्टच्या माथ्यावर बसणाऱ्या सॉकेटचा संच) घ्यावा, पण गोट्या सहा कोनांच्या असाव्यात. बारा कोनांची गोटी लवकर बसते खरी, परंतु ती बोल्टच्या माथ्याला कोपऱ्यांवरच पकडते आणि गंजलेला बोल्ट अडला की कोपरे गोल करून टाकते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर भार देते, म्हणून जुन्या गाडीला तीच योग्य.

बोहरी आळीत हत्यारांची दुकाने एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तिथे जाऊन पाना हातात घेऊन पाहा. पान्याचे तोंड एखाद्या नव्या बोल्टवर बसवून किती खेळते ते तपासा. दुकानदाराला त्याचे काही वाटत नाही. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच.

आता जे बहुतेक जण सर्वांत शेवटी घेतात, ते तुम्ही पहिल्या महिन्यातच घ्या, असा माझा आग्रह आहे. ते म्हणजे शेगडा (बेंच व्हाइस). घरी हत्यार बनवायचे तर वस्तू घट्ट धरणारे काहीतरी हवे, आणि शेगड्याशिवाय कानस चालवणे म्हणजे हातही कापून घेणे आणि कामही वाया घालवणे. नवा चार इंची शेगडा चांगलाच असतो, पण बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुने, जड, घट्ट विणीच्या बिडाचे शेगडे अजूनही मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरले तर फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. दांडा उलटा फिरवला की जबडा लगेच मागे सरकला पाहिजे. बराच वेळ नुसताच फिरत असेल तर आटे झिजलेले आहेत. आणि रंगाचे जाड थर असतील तर संशय घ्यावा, कारण तडा गेलेल्या बिडावर वेल्डिंग करून वर रंग फासण्याची पद्धत आहे. हातोडीने हलके वाजवून पाहिले की अखंड बीड खणखणीत वाजते, तडकलेले बद्द वाजते.

जुने पानेही तिथे मिळतात. ज्यांच्यावर ड्रॉप फोर्ज्ड किंवा क्रोम व्हॅनेडियम असे ठसे आहेत आणि ज्यांचे तोंड फाकलेले नाही, ते निःशंक घ्यावेत. वरवरचा गंज लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवला की सुटतो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून लगेच तेलाचा हात फिरवावा.

---

कोथरूड_सर्किट

फिटरसाहेबांनी लिहिलेल्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो आणि एका बाबतीत थोडे वेगळे मत मांडतो.

पहिली गोष्ट मापांची. मारुती ८०० ही मुळात सुझुकीच्या रचनेची गाडी असल्यामुळे तिच्यात जपानी मापे आहेत. आठ मिलिमीटर बोल्टचा माथा १२ चा आणि दहा मिलिमीटर बोल्टचा १४ चा असतो. चेतकची रचना इटालियन व्हेस्पाच्या वळणाची, त्यामुळे तिथे ११ आणि १३ ची मापे पुन्हा पुन्हा लागतात. म्हणजे १०-११ आणि १२-१३ हे दोनच फिक्स पाने दोन्ही गाड्यांची निम्मी कामे करतील. म्हणून याच मापांत पैसे घाला. १० आणि १२ च्या गोट्या तर दोन-दोन असाव्यात, एक आखूड आणि एक लांब.

दुसरी गोष्ट टॉर्क रेंचची, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच (टॉर्कने) आवळता येतो अशा पान्याची. दोन्ही गाड्यांचे सिलिंडर हेड ऍल्युमिनियमचे आहे, आणि ऍल्युमिनियममधील आटे एकदा गेले की खर्च मोठा होतो. क्लिक होणारा टॉर्क रेंच घ्यायचा तर त्याच्या मर्यादेच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यात त्याच्यावर विसंबू नये. २०० न्यूटन मीटरच्या रेंचने १५ चा बोल्ट आवळणे म्हणजे अंदाजपंचेच. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा, आणि अडलेला नट सोडवायला कधीही वापरू नये.

जोपर्यंत तो घेणे परवडत नाही, तोपर्यंत एक विश्वासार्ह उपाय आहे. रद्दीवाल्यांकडे असतो तसा आकड्याचा स्प्रिंग काटा घ्या. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काटा १० किलो दाखवेल तेव्हा बोल्टवर सुमारे साडेचोवीस न्यूटन मीटर टॉर्क पडलेला असतो. काटकोन सुटला की आकडा चुकतो, एवढेच भान ठेवावे. काटा बरोबर आहे की नाही हे पाच लिटर पाण्याची बाटली टांगूनही कळते.

वेगळे मत आहे ते जुन्या बाजाराबद्दल. शेगडा, हातोडी, कानशीचे दांडे, पाने हे तिथून जरूर घ्यावे. मात्र हायड्रोलिक जॅक आणि मोजमापाची कोणतीही वस्तू, म्हणजे व्हर्नियर, फीलर गेज, टॉर्क रेंच, नवीच घ्यावी. त्यांचा पूर्वेतिहास बाहेरून दिसत नाही.

---

सिंहगडरस्ता_८००

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. फिटरकाका, शेगड्याचा विचार माझ्या यादीत अजिबात नव्हता. आता तो पहिल्या ओळीत आला आहे. दोन शंका उरतात. चेतकचा क्लच उघडण्यासाठी जे विशेष पाने लागतात ते बनवता येतील का? आणि पेव्हर ब्लॉकवर गाडी उचलणे सुरक्षित आहे का?

---

नाना_पेठेतला_शेजारी

दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत, म्हणून उत्तर देतो.

चेतकच्या क्लचचा नट साधा षटकोनी नसतो, त्याच्या कडेला खाचा असतात. त्याचा पाना तयार मिळतो, पण घरीही उत्तम बनतो. नटाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून जाड भिंतीचा नळीचा तुकडा घ्यावा, तोंडावर खाचांच्या जागा आखाव्यात आणि मधला भाग हॅक्सॉ ब्लेडने व कानशीने काढून दात ठेवावेत. दात खाचेत घट्ट बसले पाहिजेत, कारण सैल दात नटाच्या कडा खातात. नळीच्या दुसऱ्या टोकाला जुनी गोटी वेल्ड करून घेतली की रॅचेट लावता येतो. क्लच फिरू नये म्हणून जुन्या क्लच प्लेटला लोखंडी पट्टी वेल्ड करतात. पुण्यातील जवळजवळ प्रत्येक स्कूटर मेकॅनिककडे असा धारक भिंतीला टांगलेला दिसेल. आकुर्डीत इतकी वर्षे चेतक बनत होती, त्यामुळे हे ज्ञान या शहरात मुरलेले आहे, आणि विनंती केली तर जुने मेकॅनिक माप घेऊ देतात.

मारुतीच्या लोअर आर्मचे बुशही प्रेसशिवाय निघतात. चांगल्या प्रतीचा लांब आटेदार रॉड, दोन नट, जाड वॉशर, बुशपेक्षा किंचित लहान गोटी एका बाजूला आणि बुश आत जाऊ शकेल असा नळीचा तुकडा दुसऱ्या बाजूला, एवढी मांडणी पुरते. आट्यांना ग्रीस लावून नट आवळत गेले की बुश सरळ रेषेत सरकतो. हातोडीने ठोकण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य काम आहे.

पण मॅग्नेटो (इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील वीज बनवणारे चाक) काढायला पुलरच, म्हणजे भाग ओढून काढणारे हत्यार, विकत घ्यावा. तिथे ठोकाठोक केली तर क्रँकशाफ्टचा बाक निघत नाही. आणि सस्पेन्शनच्या स्ट्रटची स्प्रिंग दाबण्यासाठी तार, साखळी किंवा घरगुती क्लॅम्प यांचा विचारही करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचण्याची खात्री नसते. घरी बनवलेले हत्यार मोडले तर फक्त वेळ जावा, अशाच ठिकाणी ते वापरावे, हा आमच्या दुकानाचा नियम आहे.

आता गाडी उचलण्याबद्दल. मारुती ८०० चे वजन सुमारे साडेसहाशे किलो, म्हणजे दोन टनांचा ट्रॉली जॅक भरपूर झाला. प्रश्न पेव्हर ब्लॉकचा आहे. ट्रॉली जॅक उचलताना त्याचा हात कमानीत वर जातो, म्हणून जॅकला चाकांवर थोडे पुढेमागे सरकावे लागते. ब्लॉकच्या सांध्यात चाक अडकले की जॅक सरकत नाही, गाडी बाजूला ओढली जाते आणि टेकू निसटतो. यावर उपाय म्हणून जॅकखाली जाड प्लायवुडचा सपाट, मोठा तुकडा अंथरावा. जॅक स्टँडच्या पायांखाली लोखंडी पत्रा किंवा तसेच प्लायवुड ठेवावे, म्हणजे भार एका ब्लॉकवर न येता पसरतो.

फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नये. जॅकमधील रबरी सील बसकण मारतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळेही वापरू नयेत, ते भाराखाली अचानक फुटतात. जॅक स्टँडची जोडी घ्यावी, गाडी त्यावर टेकवावी, आणि खाली जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी जोराने ढकलून पाहावी. शिवाय या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी. या पाचरी मात्र घरी बनवायला अगदी योग्य आहेत. टिंबर मार्केटमध्ये सागाचे तुकडे मिळतात.

समितीची परवानगी टिकवायची असेल तर पत्र्याचा रुंद ट्रे आधी घ्या. निघालेले ऑइल बंद डब्यात साठवून ओळखीच्या गॅरेजला द्यावे, ते वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देतात. पार्किंगच्या गटारात ते कदापि ओतू नये.

---

निवृत्त_फिटर_भोसरी

शेजाऱ्यांनी जॅकबद्दल लिहिले आहे ते शब्दशः पाळावे. आपल्या पंधरा हजारांत जॅक, स्टँडची जोडी, पान्यांचे दोन संच, गोटी सेट आणि जुना शेगडा एवढे बसवावे. उरलेली हत्यारे काम समोर येईल तशी एकेक घ्यावीत, म्हणजे प्रत्येकाचा उपयोग माहीत असतो.

लोखंडी कपाटात पावसाळ्यात पाणी सुटते, म्हणून ते जमिनीपासून चार बोटे वर ठेवा आणि भिंतीला चिकटवू नका. आमच्या टूलरूममध्ये जुने लोक पेटीत कापराच्या वड्या ठेवत. मी अजूनही ठेवतो. दर वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारे बाहेर काढून पुसली, तेल लावले आणि पूजेनंतर मोजून परत ठेवली की काय हरवले, काय झिजले ते आपोआप कळते. शेगडा कपाटाला बसवू नका. त्याला दोन इंच जाडीच्या फळीचे स्वतंत्र, जड टेबल करून द्या आणि त्याची उंची तुमच्या कोपराएवढी ठेवा.