मदत हवी आहे: सीएफ, श्वासाच्या स्नायूंचा रिपोर्ट चांगला आहे, मग एवढी दमते का?

अर्धी_वेणी
बहिणीला सीएफ आहे, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, जन्मजात आजार, फुप्फुसांत चिकट कफ साठतो. परवा बंद नळीतून जोर लावून श्वास ओढायची टेस्ट झाली. एमआयपी, म्हणजे श्वास ओढण्याचा जास्तीत जास्त जोर, ९२ सेंमी (पाण्याचा दाब). 'ताकद उत्तम' म्हणून वाटेला लावलं. घरी येऊन ही केस विंचरायला बसली आणि अर्ध्या वेणीतच हात खाली टाकले. उरलेली मी घातली, कशी झाली ते विचारू नका. आता श्वास ओढायचं स्प्रिंगवालं यंत्र आणलंय. कितीवर लावायचं, दिवसातून किती वेळा? फक्त आकडा सांगा, आजच सुरू करायचंय.

तळटीप
वय, वजन, एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने किती हवा सोडते)? अलीकडे इन्फेक्शन झालं होतं का? स्टेरॉइड चालू आहेत का?

अर्धी_वेणी
वय २३. बाकीच्याचा काय संबंध? मी स्नायूंचं विचारतोय, फुप्फुसांचं नाही.

फुगेवाला
यंत्राबिंत्राच्या नादी लागू नका. रोज दहा फुगे फुगवा. माझ्या न्यूमोनियानंतर मी फक्त एवढंच केलं, महिन्याभरात खणखणीत.

दमसास
फुगेवाला, फुगा फुगवताना जोर श्वास सोडायला लागतो. इथे चाललंय ते ओढण्याचं. शिवाय न्यूमोनिया बरा होतो हो, सीएफ नाही.

वेणी, मला स्वतःला सीएफ आहे आणि माझाही हा रिपोर्ट दर वेळी झकास येतो. चिकट कफातून हवा ओढायची म्हणजे या स्नायूंना लहानपणापासून रोजचीच तालीम, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांची ताकद चांगली निघते. पण ती टेस्ट एका दमाची. भरलेली बादली एकदा उचलणं वेगळं, ती घेऊन तीन जिने चढणं वेगळं. त्यात हवा आत अडकून छाती फुगलेली राहते. डायफ्रॅम, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासाचा मुख्य स्नायू, घुमटासारखा असायला हवा, तो सपाट होतो. आधीच खाली आलेला, आणखी किती खाली जाणार? मग मान आणि खांदे मदतीला धावतात. केस विंचरायला हात वर गेले की तेच स्नायू दोन कामांत अडकतात. तिला टेबलावर कोपरं टेकवून, थोडं पुढे झुकून बसायला सांगा. फरक पडतो.

सोपान७
आमच्याकडे तीन गोळ्यांचं यंत्र आहे, तेच ना हे?

दमसास
नाही. त्यात गोळ्या वर नेत खोल श्वास घ्यायचा, ओढायला म्हणावा तसा अडथळा नसतो. आणि कफ काढायचं पेप तिसरंच, त्यात अडथळा सोडताना.

रोज_३०
मुद्द्याचं बोला. मी एमआयपीच्या साधारण ३० टक्क्यांवर सुरुवात केली होती, म्हणजे ९२ ला २७-२८. सकाळ-संध्याकाळ तीस-तीस श्वास. मला फायदा झाला. फिजिओला विचारूनच करा.

तळटीप
रोज_३०, तुमचा फायदा मान्य. पण उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सीएफसाठी हे करा किंवा करू नका असं ठामपणे सांगण्याइतका पुरावाच मिळालेला नाही. यंत्रावरचा आकडा वाढला म्हणून जिना सोपा होतोच असं नाही. आणि पूर्वी फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर आली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर परस्पर अजिबात नको.

रोज_३०
पुरावा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

वंशवेल
सीएफचं जनुक १९८९ मध्ये सापडलं, ७व्या गुणसूत्रावर. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तुम्ही स्वतः वाहक आहात का ते तपासून घ्या.

अर्धी_वेणी
हे मी कुठे विचारलं?? २७ वर लावू का, एवढंच सांगा.

तळटीप
वजन सांगा. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

अर्धी_वेणी
दोन महिन्यांत ४ किलो उतरलं. मागच्या महिन्यात दोन आठवडे ॲडमिट होती, शिरेतून अँटिबायोटिक. जेवताना धाप लागते म्हणून अर्धं ताट टाकते. सकाळी डोकं दुखतं म्हणते, पण ते रात्री मोबाइल बघत बसल्यामुळे.

तळटीप
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! डायफ्रॅमही स्नायूच आहे, वजन उतरलं की तोही झिजतो. आणि सीएफमध्ये उठल्याउठल्या डोकं दुखणं म्हणजे झोपेत श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो. असेलच असं नाही, पण मोबाइलवर ढकलू नका. यंत्र राहू द्या, सीएफ टीमला आजच फोन करा. गुंगी आली, नीट बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले तर फोनवर थांबू नका, तातडीने न्या.

रोज_३०
याच्याशी सहमत. माझा ३० टक्क्यांचा हिशोब विसरा तूर्तास.

अर्धी_वेणी
केला फोन. उद्याच बोलावलंय, रात्रभर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणार. आहारतज्ज्ञही भेटणार आहेत. यंत्र खोक्यातच ठेवा म्हणाले. कोपरं टेकवून बघितलं, आज वेणी तिनेच पुरी केली, मध्ये दोनदा थांबून. माझ्यापेक्षा बरी झाली.

फुगेवाला
मग फुगे चालतील का?