मदत हवी आहे: वडिलांच्या जुन्या शेअर्सची खरेदी किंमत माहीत नाही, रिटर्नमध्ये काय भरू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईचं (वय ६८) आर्थिक वर्ष २०२४-२५ चं इन्कम टॅक्स रिटर्न भरायचंय. १५ सप्टेंबर २०२५ ची मुदत तोंडावर आलीय म्हणून घाईत धागा काढतोय.

बाबांनी ऐंशीच्या दशकात रिलायन्सचे शेअर घेतले होते, नंतर नव्वदीत थोडे अजून. कागदी सर्टिफिकेटं त्यांनीच हयातीत डीमॅट केली. २०१९ मध्ये बाबा गेले आणि ४०० शेअर आईच्या डीमॅटला आले. गेल्या ऑक्टोबरात (२०२४) एकास एक बोनस आला, ८०० झाले. जानेवारीत स्लॅबचं काम निघालं म्हणून त्यातले ५०० विकले, १,२५० च्या भावाने. सव्वासहा लाख आले.

ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये खरेदी किंमत चक्क शून्य! म्हणजे सव्वासहा लाख सगळा नफा? बाबांची कॉन्ट्रॅक्ट नोट, पावती, डायरी काही सापडत नाही. आईचं बाकी उत्पन्न म्हणजे फॅमिली पेन्शन महिना १८,०००, बँकेच्या एफडीचं व्याज ४०,००० आणि डिव्हिडंड ४,०००. इकडच्या एका सल्लागाराने "शून्यच टाका, भानगड नको" म्हणून सांगितलंय. पटत नाही.

नाक्यावरचा
आमच्याकडे आजोबांचे टिस्कोचे होते, शेवटी कंटाळून शून्य टाकूनच भरलं. डोकं शांत.

जमाखर्च
अहो, शांत डोक्याची एवढी किंमत कशाला मोजायची! कृष्णाकाठ, शून्य टाकू नका. ब्रोकरकडे शेअर बाजारातून खरेदी होऊन आले नाहीत, वारसाने आले, म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरला भाव माहीत नाही. शून्य दिसतंय त्याचा अर्थ इतकाच.

वारसाने आलेल्या शेअरला बाबांचीच खरेदी किंमत लागते आणि बाबांनी धरून ठेवलेला काळही आईच्या खात्यात मोजला जातो. म्हणजे हे लाँग टर्म (वर्षाहून जास्त धरलेले), त्यांच्या नफ्याला कलम ११२ए. आणि तुमच्या बाबतीत खरेदी किंमत हरवली तरी बिघडत नाही. लिस्टेड शेअर ३१ जानेवारी २०१८ ला किंवा आधी घेतलेले असतील, तर त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला जो कमी, तो एका बाजूला ठेवायचा. प्रत्यक्ष खरेदी दुसऱ्या बाजूला. दोन्हींत जास्त असेल ती तुमची किंमत. रिलायन्स त्या दिवशी साडेनऊशेच्या वर होता. बाबांची खरेदी एवढी महाग असणं शक्यच नाही, तेव्हा पावती सापडली काय न सापडली काय, आकडा तोच येणार.

फक्त तो भाव आजच्या चार्टवरून घेऊ नका. चार्टवाले बोनस आणि जिओ फायनान्शियलच्या डीमर्जरनंतर (ती कंपनी रिलायन्समधून वेगळी निघाली) जुने भाव खाली आणून दाखवतात, तिथे निम्म्याहून कमी दिसेल. एक्स्चेंजच्या साइटवर त्या तारखेची भावकॉपी (दिवसाच्या भावांची यादी) मिळते, तिच्यातला 'हाय' घ्या.

कृष्णाकाठ
जीव भांड्यात पडला. म्हणजे ५०० गुणिले ९५० वजा करू ना?

जमाखर्च
थांबा, इथेच गोची आहे. ५०० पैकी सगळे बाबांचे नाहीत. डीमॅटमध्ये जो आधी आला तो आधी गेला असं धरतात. बाबांचे ४०० आधी गेले, उरलेले १०० ऑक्टोबरच्या बोनसमधले. बोनसची किंमत खरोखरच शून्य, आणि त्यांचा काळ वाटप झालेल्या दिवसापासून सुरू होतो. जानेवारीत विकलेत म्हणजे तीन महिन्यांचेच. शॉर्ट टर्म, त्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर.

साडेनऊशे धरून हिशेब असा: जुन्या ४०० वर शेअरमागे ३००, म्हणजे १,२०,००० लाँग टर्म. सव्वा लाखापर्यंत माफ, कर नाही. बोनसच्या १०० वर १,२५,००० शॉर्ट टर्म. विकण्याआधी विचारलं असतंत तर ४०० वरच थांबा म्हटलं असतं. २०२० चा राइट्स (जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाने देऊ केलेले नवे शेअर) घेतला होता का? १५ ला १, १,२५७ रुपयांनी. घेतला असेल तर रांगेत तो बोनसच्या आधी येईल.

कृष्णाकाठ
नाही, तेव्हा घरात कुणाचं लक्षच नव्हतं. म्हणजे सव्वा लाखावर २५,००० भरायचे?

शेवगाव_सीए
एवढे नाहीत. दोन्ही पद्धतींनी मांडून बघा, इथे जुनी करपद्धत वरचढ ठरतेय.

नवी पद्धत: पेन्शन २,१६,००० मधून २५,००० वजा, अधिक व्याज आणि डिव्हिडंड, एकूण २,३५,०००. तीन लाखांच्या करमुक्त मर्यादेतले ६५,००० शिल्लक राहतात, ते निवासी व्यक्तीला शॉर्ट टर्म नफ्यातून वळते करता येतात. उरले ६०,०००, कर १२,००० आणि सेस धरून १२,४८०. नव्या पद्धतीत या नफ्यावर पोर्टल ८७ए ची सूट (कमी उत्पन्न असेल तर करात मिळणारी) देत नाही. त्यावरून वाद चालू आहेत, त्यात तुम्ही पडू नका.

जुनी पद्धत: फॅमिली पेन्शनची वजावट १५,००० च, पण ज्येष्ठ नागरिक म्हणून एफडीचं ४०,००० व्याज ८०टीटीबी खाली पूर्ण सुटतं. उत्पन्न २,०५,०००. मर्यादेतले ९५,००० वळते केले की शॉर्ट टर्म ३०,००० उरतो, कर ६,०००. एकूण उत्पन्न, तो माफ असलेला १,२०,००० धरूनसुद्धा, ४,५०,०००. पाच लाखांच्या आत, म्हणून ८७ए ची सूट लागू. कर शून्य. जुन्या पद्धतीत ही सूट फक्त ११२ए च्या करावर चालत नाही, शॉर्ट टर्मवर चालते.

मात्र जुनी पद्धत निवडायची तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे. फॉर्म आयटीआर-२. शेड्यूल ११२ए मध्ये रिलायन्सची वेगळी ओळ, '३१ जानेवारी २०१८ किंवा पूर्वी' हा पर्याय, ४०० नग, भावकॉपीचा भाव. प्रत्यक्ष खरेदीच्या रकान्यात सापडेल ते, नाहीतर शून्य. जास्तीचा आकडा फॉर्म स्वतःच उचलतो. दलाली वजा होते, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) होत नाही. भावकॉपीचं पान आणि डीमॅटचं ट्रान्समिशनचं (वारसाने शेअर आईकडे आल्याचं) स्टेटमेंट जपून ठेवा, उद्या नोटीस आलीच तर तेवढं पुरतं.

निवांत
अवांतर होईल, पण आई नॉमिनी होत्या की वारस? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलंय. भावंडं असतील तर नफा कोणाचा, हा प्रश्न येतो.

कृष्णाकाठ
बाबांचं मृत्युपत्र आहे, सगळं आईच्या नावे. ताईचीही हरकत नाही.

शेवगाव_सीए, तुमचे किती आभार मानू! जुन्या पद्धतीचा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आता शेवटचं. २०२३ मध्ये आलेले जिओ फायनान्शियलचे ४०० पण पडून आहेत, तेही विकावे म्हणतोय. त्यांनाही २०१८ चाच भाव?

शेवगाव_सीए
नाही, ती कंपनी २०१८ मध्ये बाजारात नव्हतीच. तिथे सावध हिशेब म्हणजे बाबांच्या मूळ खरेदीच्या ४.६८ टक्के, बाकी ९५.३२ टक्के रिलायन्सकडे. म्हणजे ती जुनी किंमत इथे खरंच लागणार. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, केफिनकडे, फोलिओ नंबर देऊन अर्ज करा. भाव मिळणार नाही, पण शेअर बाबांच्या नावावर कोणत्या तारखेला चढले ते कळेल. एप्रिल २००१ च्या आधीचे असतील तर मूळ खरेदीऐवजी १ एप्रिल २००१ चा भाव धरायची मुभा आहे. तोवर विकू नका.