टूर्नामेंटमध्ये मुद्दाम वेळ काढणाऱ्या आणि टोमणे मारणाऱ्या खेळाडूचं काय करावं?

कॅटान या बोर्डगेमची टूर्नामेंट घेतो आम्ही, त्यात एकजण हरायला लागला की प्रत्येक चालीला मुद्दाम वेळ लावतो, समोरच्याला बोलत राहतो आणि शेवटी हातातली कार्डं सरळ मित्राला देऊन टाकतो. नवीन पोरं वैतागून जातात. काढून टाकायचं का त्याला?

प्रतिसाद १
कार्डं फुकट देणं कॅटानच्या नियमातच बसत नाही, तो ट्रेड तिथल्या तिथे रद्द करा. पण लोकरीच्या एका कार्डाला गव्हाची तीन कार्डं दिली तर ते नियमात बसतं, आणि खरी डोकेदुखी तीच आहे, त्यासाठी संगनमताबद्दलचा वेगळा नियम आधीच लिहून सगळ्यांना वाचून दाखवा.

प्रतिसाद २
बुद्धिबळाकडून शिका ना. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमात प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं, लक्ष विचलित करणं सरळ मनाई आहे, आणि आर्बिटरकडे, म्हणजे पंचाकडे, शिक्षेच्या पायऱ्या असतात, म्हणजे ताकीद, समोरच्याला जास्तीचा वेळ, याचा वेळ कमी, डाव हरल्याचं जाहीर करणं, आणि अगदीच झालं तर स्पर्धेबाहेर. एकदम हाकलू नका, पण ताकीद दिली की लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीत दुसरा पंच असला की हा परत कोरा. वेळेसाठी घड्याळ लावा.

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत, फक्त एक, पंच स्वतः त्या टेबलावर खेळत नसावा. आणि टोमण्यांची तक्रार पोरांनी करायची वाट बघू नका, नवीन खेळाडू बोलत नाहीत, गुपचूप यायचे बंद होतात.