मदत हवी आहे : आठवीतल्या मुलाची कंबर दोन महिने दुखतेय, दप्तरामुळेच असेल ना?

सुईदोरा
मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगा 13 वर्षांचा, आठवीत, वजन 41 किलो. गेल्या वर्षभरात इतका उंच झालाय की जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर गेली. दोन महिन्यांपासून कंबर दुखते म्हणतो. कंबर म्हणजे सगळी नाही. डाव्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, एका बोटाने जागा दाखवतो. झोपल्यावर दुखत नाही. सकाळी ठीक असतो, संध्याकाळी खेळून आला की सोफ्यावर आडवा.

घरात निकाल लागून गेलाय : दप्तर. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून म्हणतायत, "पोराच्या पाठीवर हमालाचं ओझं." मी दप्तर घेऊन आणि दप्तराशिवाय अशी दोनदा वजनकाट्यावर उभी राहिले, फरक 6.8 किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच हा नियम धरला तर चार किलोच्या आसपास हवं. शिवाय शाळेतून परस्पर क्लासला जातो, म्हणजे ते ओझं दिवसातून चार वेळा जिने चढतं-उतरतं.

आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं आणि मोबाईल कमी करायला सांगितलं. सासूबाईंनी एरंडेल चोळून विटेचा शेक दिला. नवरा आता स्कूटरवरून दप्तर शाळेत पोचवतो, संध्याकाळी क्लासवरून घेऊन येतो. तीन आठवडे झाले तरी दुखणं तसंच आहे. चाकांचं दप्तर घ्यावं का? कमरेला पट्टा लावू का? कुठला व्यायाम? कुणाच्या मुलांना असं झालं असेल तर सांगा.

गाडगेमडके
आम्ही पत्र्याची पेटी घेऊन तीन किलोमीटर चालत जायचो हो. (मारू नका, जातो.)

खडूफळा
गाडगेमडके, पेटीत दोन वह्या आणि एक पाटी असायची, ते सांगा की!

सुईदोरा, मी आठवीलाच शिकवते. राज्य सरकारने 2015 मध्ये दहा टक्क्यांचा नियम काढला, केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात आठवीला अडीच ते चार किलो म्हटलंय. कागदावर सगळं छान आहे. पुस्तकातच वहीची कोरी पानं जोडायची योजना आपल्याकडे 2023 मध्ये आली आणि 2025 मध्ये रद्दही झाली. वर्गात काय होतं ते सांगते. वही विसरली की डायरीत शेरा. शेरा नको म्हणून मुलं सगळ्या विषयांचं सगळं रोज भरतात. वेळापत्रकात नसलेलं निम्मं दप्तर तुम्हाला आजच रिकामं करता येईल. पाण्याची बाटली घरून काठोकाठ भरून देऊ नका, शाळेत भरता येते. आणि एका खांद्यावर दप्तर अडकवून चालायची स्टाईल बंद करा, दोन्ही पट्टे आखडून दप्तर पाठीला टेकलं पाहिजे, बुडावर लोंबता कामा नये. जाड पुस्तकं पाठीकडच्या कप्प्यात.

चाकांचं दप्तर घेऊ नका. तीन मजले ते उचलूनच न्यावं लागतं आणि रिकामंच दीड-दोन किलो भरतं.

मणकेश्वर
फिजिओ आहे, म्हणून थोडं नाक खुपसतो. दप्तर हलकं करा, त्याला ना नाही. पण 2018 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. दप्तराच्या वजनामुळे मुलांची पाठ दुखायला लागते असा ठोस पुरावा त्यात मिळाला नव्हता. आपण सगळे दप्तराला धरून बसतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. तुमच्याकडे तर दप्तर तीन आठवडे स्कूटरवर आहे आणि दुखणं जागच्या जागी.

मला तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी खटकल्या : एका बोटाने दाखवता येणारी जागा, आणि "खेळून आला की". कुठला खेळ? क्रिकेट असेल तर गोलंदाजी करतो का? उजव्या हाताने? मागे वाकल्यावर जास्त दुखतं की पुढे?

अबोली०७
जरा वेगळं, पण राहवत नाही. माझ्या मुलीची पाठ दुखत नव्हती, फक्त युनिफॉर्मचा स्कर्ट एका बाजूने खाली दिसायचा. मी दोनदा टेलरशी भांडले. शेवटी कणा बाजूला वळलेला निघाला, स्कोलिओसिस. घरी बघायचं तर मुलाला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात हे झपाट्याने वाढू शकतं, म्हणून लवकर कळलेलं बरं.

सुईदोरा
अबोली, बघितलं, पाठ सारखी आहे. आभार.

मणकेश्वर, तुम्ही कुंडली मांडता का? उजव्या हाताने वेगवान टाकतो. मागे वाकायला लावलं तर "आई गं" म्हणाला, पुढे वाकून मात्र बूट आरामात घातले.

मणकेश्वर
मग दप्तर विसरा आणि या आठवड्यात स्पोर्ट्सवाल्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर गोलंदाजी बंद, एक चेंडूसुद्धा नाही.

मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते, तिच्यात एक अरुंद भाग असतो. चेंडू टाकताना शरीर एकाच वेळी मागे आणि बाजूला वाकतं आणि वळतंही, तेव्हा बहुतेक वेळा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला त्या भागावर ताण येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाचं डावीकडे दुखणं म्हणून मी कान टवकारले. या वयात ते हाड अजून पक्कं झालेलं नसतं. रोज थोडा थोडा ताण बसून त्याला सूज येते, तरी टाकत राहिलं तर बारीक चीर जाते. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली, त्याला 1973 मध्ये हेच झालं होतं. बुमराला 2019 मध्ये कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, 2023 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. ती तर तयार शरीराची माणसं. सुरुवातीला हे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे" यावर थांबू नका.

आणि एक काम करा : आठवड्यात तो किती चेंडू टाकतो ते मोजा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान टाकणाऱ्या मुलांसाठी मर्यादा ठरवल्या होत्या : 13 वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (म्हणजे एका दमात) 5 षटकं, दिवसात 10. त्यात नेट्ससुद्धा मोजायचे.

इतर वाचणाऱ्यांसाठी : रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर धागे काढत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे.

खडूफळा
+१. आणि मी इथे वह्या मोजत बसले होते.

सुईदोरा
बारा दिवसांनी येतेय, माफ करा.

टाकू नको म्हटलं तरी गडी नेट्सवर गेला आणि "फक्त हात मोकळा करतो" म्हणून टाकायला लागला. नवरा मागोमाग गेला आणि गुपचूप मोजत उभा राहिला. त्याला हाक मारेपर्यंत 54 झाले होते. मग दोघांनी बसून आधीचा हिशोब काढला. पोरगा स्वतःच म्हणाला, रोज पंधरा-सोळा षटकं तर होतातच. आठवड्यातून तीन दिवस नेट्स, वर रविवारची मॅच, वर शाळेचा सराव. सगळं सिमेंटच्या विकेटवर, वरून मॅट. शाळेच्या सरांना क्लबचं माहीत नाही, क्लबच्या कोचना शाळेचं माहीत नाही, आणि आम्हाला दप्तराचं वजन ग्रॅममध्ये पाठ.

एमआरआय झाला. मणकेश्वर म्हणाले तीच जागा. सूज आहे, चीर अजून गेलेली नाही. तीन महिने गोलंदाजी बंद, मग तपासून टप्प्याटप्प्याने सुरू. दुखणं कमी झालं की पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, मांडीचे मागचे स्नायू ताणायचे, ते फिजिओ शिकवणार आहेत. विटेचा शेक सासूबाईंनी स्वतःहून थांबवला, पण दप्तराचा मुद्दा सोडलेला नाही. तेही आता चार किलोवर आणलंय, म्हातारीचा मान.

आता खरी अडचण. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. कोच म्हणाले, "कमरेला पट्टा बांधून चेंडू टाकू दे, सगळ्यांचीच दुखते." पोरगा आमच्याशी बोलत नाहीये. काल रात्री चेंडू हातात घेऊन झोपला होता. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

कुणाच्या मुलाने किंवा मुलीने असं मध्येच थांबून परत टाकायला सुरुवात केली असेल तर इथे लिहा ना. संध्याकाळी पाच ते सात या वेळेचं काय केलंत? मैदानावर नुसतं बसायला पाठवलंत की मैदानच बंद केलंत? आणि परत गेल्यावर पहिल्या दिवशी किती चेंडू टाकले? तो आकडा त्याला दाखवायचाय.