पीई परीक्षा: पर्यावरण द्यावी की सिव्हिल?

प्रश्न (चोपडा, हल्ली मुक्काम टेक्सास):
नमस्कार. माझी सिव्हिलची पदवी जळगावची आहे. पुढे अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करून गेली चार वर्षे मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या आराखड्यांवर काम करते आहे. एफई (अभियंत्यांची पहिली, पायाभूत परीक्षा) उत्तीर्ण झाले असून आता पीईसाठी, म्हणजे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ परवान्याच्या परीक्षेसाठी, अर्ज करायचा आहे. पर्यावरणाची परीक्षा द्यावी, की सिव्हिलमधील ‘जलसंपदा आणि पर्यावरण’ हा गट घ्यावा, हे ठरत नाही. दोन्हींत ८० प्रश्न आणि आठ तास आहेत. हवा प्रदूषण व धोकादायक कचरा हे विषय मी एमएसला अभ्यासले. स्ट्रक्चरचे गणित मात्र पदवीनंतर हाती धरलेले नाही. दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्नियाच्या कार्यालयात बदली होण्याचीही शक्यता आहे.

उत्तर १ (साक्री):
ताई, तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. परीक्षा एनसीईईएस ही राष्ट्रीय संस्था घेत असली तरी परवाना त्या-त्या राज्याचे मंडळ देते. टेक्सासमध्ये कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालात तरी ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ हाच परवाना मिळतो आणि ज्या कामात तुमची पात्रता आहे तेवढेच काम करायचे, हे बंधन असते. कॅलिफोर्नियात परवाना शाखानिहाय असून पर्यावरण ही शाखाच तिथे नाही. सिव्हिलचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी भूकंप व सर्वेक्षण या राज्याच्या दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. आज पर्यावरण देऊन उद्या तिकडे गेलात, तर सिव्हिलची पीई नव्याने द्यावी लागेल.

स्ट्रक्चरची भीती मात्र आता बरीच कमी झाली आहे. पूर्वी पेपरचा पहिला भाग सगळ्या सिव्हिलवर असे. एप्रिल २०२४ पासून ती रचना जाऊन संपूर्ण पेपर निवडलेल्या गटाचाच झाला आहे. मी याच गटातून उत्तीर्ण झालो. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या (गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीच्या) बंधाऱ्यांवरून पाटात उतरणारे पाणी लहानपणापासून पाहत आल्यामुळे खुल्या प्रवाहाचे प्रश्न मला कधी परके वाटले नाहीत, पण एककांनी फार छळले. खुल्या प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात आपण मीटर-सेकंदात गुणक १ धरून शिकलो. फूट-सेकंदात तिथे १.४९ येतो आणि तो विसरला की उत्तर सरळ चुकते.

उत्तर २ (नंदुरबार):
साक्रीच्या भाऊंचे म्हणणे परवान्याच्या दृष्टीने बरोबर आहे, तरी बदलीची नुसती शक्यता असताना त्यावरच सगळे ठरवू नये, असे मला वाटते. मी दूषित जमीन व भूजल शुद्धीकरणाच्या कामात असल्यामुळे पर्यावरणाचीच परीक्षा दिली. तिच्यात पाणी, हवा, घनकचरा, जागेची तपासणी, आरोग्य व सुरक्षितता असा मोठा पसारा आहे. एमएसची उजळणी ताजी असेल तर ती अवघड नाही. पण ताईंचे रोजचे काम टाक्या, पंप आणि नळांचे आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत मीही सिव्हिलकडेच झुकेन.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. बदलीबद्दल वरिष्ठांना उद्याच स्पष्ट विचारते. स्वतःची पुस्तके नेता येत नाहीत, तर तयारी नेमकी कशावर करावी?

उत्तर १ (साक्री):
परीक्षेत पडद्यावर जी संदर्भ पुस्तिका दिसते, तीच एनसीईईएसच्या खात्यातून उतरवून घ्या आणि पहिल्या दिवसापासून फक्त तिच्यातच शोधून गणिते सोडवा. सूत्र पाठ असण्यापेक्षा ते कोणत्या शब्दाने सापडते हे माहीत असणे अधिक उपयोगी पडते. तुमच्या कामातले उदाहरण घ्या: २ एमजीडी (दिवसाला २० लाख गॅलन) सांडपाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाचा भार २ × २०० × ८.३४, म्हणजे ३,३३६ पौंड. हा पौंडात उत्तर देणारा ८.३४ चा गुणक शोधावा लागू नये इतका हातात बसू द्या.